जुन्या स्विफ्टला नवीन मॉडेलची अलॉय चाकं: घेण्याआधी एवढं बघ

मित्रा, हौस चांगली आहे, पण पुण्याच्या नाना पेठेत जाऊन चकाकी बघून पैसे मोजू नकोस. ‘चार नट आहेत म्हणजे बसेल’ ही पहिली चूक सगळेच करतात, मीही केली.

आधी पीसीडी बघ, म्हणजे नटांच्या भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. तुझ्या गाडीचा ४×१००, म्हणजे चार भोकं आणि १०० मिमी व्यास, तेव्हा चाकाचाही तोच हवा. मग मधलं भोक. ते हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागाच्या मधल्या उंचवट्यापेक्षा, लहान असेल तर चाक बसतच नाही. मोठं असेल तर बसतं, पण नेमकं मध्यभागी येईलच असं नाही, आणि ताशी ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. त्यावर उपाय म्हणून हब रिंग मिळते, मधली फट भरणारी कडी. तिसरा ऑफसेट, म्हणजे चाकाची हबला टेकणारी बाजू चाकाच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे ते. मूळ आकड्याच्या जवळ राहा, नाहीतर टायर फेंडरला घासेल.

टायरची पूर्ण उंची मात्र जपायची. १८५/७० आर १४ टायर (शेवटचा आकडा रिमचा, इंचांत) काढून १८५/६५ आर १५ घातलास तर फरक जेमतेम एक टक्का, स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. सतरा इंचांच्या मोहात पडू नकोस. आपल्या खड्ड्यांत रिम वाकते.

जुने नट तसेच वापरू नकोस, त्यांची बैठक, म्हणजे चाकाला टेकणारा भाग, अलॉयला जुळते का ते बघ. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट किती घट्ट आहेत ते पुन्हा टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपास.

वापरलेले घेणार असशील तर आधी बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघ. विकणारा नाही म्हणाला तर सरळ गाडी वळव.