चार एकर द्राक्षबागेच्या ठिबकला ऑटोमेशन: आधी सेन्सर की व्हॉल्व्ह?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिंडोरी तालुक्यात ९ × ५ फुटांवर चार एकर द्राक्ष, विहिरीवर ५ एचपीची मोटर, लाइट कधी दिवसा तर कधी रात्री. मोबाइलवर चालणारं ऑटोमेशन बसवायचं आहे, तर सुरुवात ओलावा सेन्सरपासून करावी का?

नको. सेन्सर सगळ्यात शेवटी. आधी ठिबक तपासा, मग फिल्टर, मग वॉटर मीटर आणि व्हॉल्व्ह. विकणारे नेमकं उलटं सुचवतात, कारण सेन्सरचा आलेख मोबाइलवर झकास दिसतो.

ठिबक तपासायला मोजपात्र आणि घड्याळ पुरतं. ताशी ४ लिटरचा ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणारी तोटी) ३ मिनिटांत २०० मिली पाणी देतो. प्रत्येक प्लॉटमध्ये लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या बारीक नळीच्या) सुरुवातीला, मध्यावर आणि टोकाला मिळून १५-२० ड्रिपरखाली पात्र धरा. टोकाला १६० मिलीच भरलं तर त्या झाडांना रोज पाचवा हिस्सा पाणी कमी पडतंय आणि कंट्रोलर (व्हॉल्व्ह आपोआप उघड-बंद करणारं यंत्र) ती तूट न चुकता चालू ठेवेल. लॅटरलची टोकं उघडून फ्लश केल्यावरही फरक पडला नाही, तर क्षार साचलेत असं समजून अ‍ॅसिड ट्रीटमेंट करा. तरीही टोकाला दाब मिळत नसेल तर लॅटरल लांब पडतेय किंवा सबमेन (लॅटरलना पाणी देणारा पाइप) बारीक आहे. ते पाइप बदलूनच सुटेल.

आता हिशोब. या अंतरावर एकरी ९६८ झाडं बसतात. झाडाला दोन ड्रिपर धरले तर एका एकराला तासाला साधारण ७,७५० लिटर लागतात. ५ एचपीचा पंप ४० मीटर हेडला (पाणी चढवायची उंची आणि दाब मिळून) तासाला १५-१७ हजार लिटर देतो, तुमच्या पंपाच्या प्लेटवरचा आकडा एकदा बघून घ्या. म्हणजे एका वेळी दोनच एकर. एकराला एक असे २ इंची चार व्हॉल्व्ह, दोन-दोनच्या जोडीने.

झाडाची रोजची गरज काढताना बाष्पीभवन ८ मिमी, पॅनचा (बाष्पीभवन मोजायच्या भांड्याचा) गुणांक ०.७, पिकाचा गुणांक ०.६ आणि झाडाचं क्षेत्र ४.१८ चौरस मीटर धरलं, तर गुणाकार १४ लिटर येतो. एकरी साडेतेरा हजार. दोन्ही जोड्या मिळून साडेतीन तासांत भिजतात, त्यामुळे लाइटच्या वेळेत आरामात बसतं. पिकाचा ०.६ हा आकडा फक्त उदाहरणापुरता, तो अवस्थेनुसार बदलतो.

कंट्रोलरला तास नाही, हे लिटर सांगा. व्होल्टेज पडलं, फिल्टर चोंदला की त्याच तासात पाणी कमी जातं. सोलर पंपावर तर ढग आला तरी फरक पडतो. फिल्टरनंतर पल्स देणारं (ठरावीक पाणी गेलं की कंट्रोलरला इशारा देणारं) मीटर बसवलं की मध्येच लाइट गेली तरी उरलेले लिटर पुढच्या पाळीत देता येतात, फक्त कंट्रोलर बाकी लक्षात ठेवणारा हवा. माझ्या मते मीटरचा खरा उपयोग पुढेच आहे. दोन एकरांचा प्रवाह नेहमी तासाला १५,५०० लिटर असेल तर १५ टक्के वर-खाली झाला की मोटर बंद होऊन मेसेज यावा, असं सेट करा. वाढला तर कुठेतरी पाइप फुटलाय, घटला तर फिल्टर किंवा विहीर बघा.

शेततळ्याच्या पाण्याला शेवाळासाठी सँड फिल्टर आणि मागे १२० मेशचा (जाळीच्या बारीकपणाचं माप) डिस्क फिल्टर. बोअरला वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर). चार एकरांना ऑटो बॅकवॉशचा (उलटं पाणी सोडून फिल्टर आपोआप धुण्याचा) खर्च मला पटत नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा, दाबातला फरक ०.५ किलोच्या वर गेला की हाताने बॅकवॉश.

व्हॉल्व्ह बदलताना आधी पुढची जोडी उघडू द्या, २०-३० सेकंदांनी चालू जोडी बंद. उलट झालं तर सगळा दाब मेनलाइनवर येऊन जॉइंट सुटतात. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बंद होत नसेल तर लगेच कॉइल (व्हॉल्व्हला विजेने उघड-बंद करणारा भाग) बदलायला धावू नका. डायाफ्रामच्या (व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्याच्या) वर पाणी नेणारी बारीक नळी किंवा तिचा छोटा फिल्टर तुंबलेला असतो, नाहीतर डायाफ्राम फाटलेला. बॅटरीवरच्या लॅचिंग कॉइलचा (क्षणभर वीज मिळाली की त्याच स्थितीत राहणारी) एक धोका: व्हॉल्व्ह उघडा असताना बॅटरी संपली तर तो उघडाच राहतो. २४ व्होल्टची एसी कॉइल वीज गेली की बंद होते, पण तिला वायर लागते आणि वायर उंदीर कुरतडतात. दीड-दोन फूट खोल, कंड्युटमधूनच टाका.

मोबाइल स्टार्टरला तिन्ही फेज आणि ड्राय रन (पाण्याशिवाय मोटर चालणं) तपासणारं रिले हवंच. लाइट आल्याबरोबर मोटर उचलू देऊ नका. एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या ऑटो स्विचच्या (लाइट आली की आपोआप सुरू होणाऱ्या) मोटरी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज कोसळतं आणि डीपी जळतो. तुमचा डिले पाच मिनिटं ठेवा, शेजाऱ्यांना वेगळा ठेवायला सांगा. स्टार्टरचा मोडेम २जी असेल तर जिओचं सिम चालणार नाही.

सेन्सर शेवटी का, तेही सांगतो. आपली काळी जमीन सुकली की भेगाळते, सेन्सरभोवती पोकळी होते आणि तो 'कोरडं' दाखवत राहतो. व्हॉल्व्हची सूत्रं त्याच्या हाती असतील तर पाणी चालूच राहणार. मणी मऊ पडल्यावर असं झालं तर मणी तडकतात. म्हणून ड्रिपरपासून १५-२० सेंमीवर, ३० आणि ६० सेंमी खोलीवर दोन सेन्सर लावा, मातीचा गारा करून घट्ट बसवा आणि पहिला हंगाम त्यांचा आकडा फक्त वाचा. भरपूर भिजवून दीड-दोन दिवसांनी येतो तो तुमच्या जमिनीचा 'पूर्ण ओलावा'. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली, नव्या काड्यांसाठीची) सूक्ष्मघड निर्मितीच्या (डोळ्यांत पुढच्या घडांची सुरुवात होण्याच्या) काळात पाणी मुद्दाम तोडावं लागतं, गोड छाटणीनंतर (फळासाठीच्या) वाढवावं लागतं. हे सेन्सरला कळत नाही, तेव्हा अवस्था बदलली की लिटर तुम्हालाच बदलायचे आहेत.