डॉगरिजवर बाग हिरवीगार, पण घड कुठे? द्राक्षाच्या खुंटाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग आहे. जमीन काळी, भारी, खुंट (ज्याच्या मुळांवर जात कलम करतात तो) डॉगरिज, बाग पाच वर्षांची. वेली इतक्या माजतात की मांडवाखाली ऊन पडत नाही, पण ऑक्टोबर छाटणीनंतर निम्म्या काड्यांवर घडाऐवजी बाळ्याच (आधाराला वेटोळे घालणारे तणावे) निघतात. खताला कधी हात आखडता घेतला नाही. मग चुकते कुठे?

उत्तर : हात आखडता घेतला नाही, तिथेच. डॉगरिज हा मूळचा टेक्सासमधल्या रानटी द्राक्षवेलीतून निवडलेला खुंट. महाराष्ट्रात तो रुजला तो पाण्याचा ताण आणि खारे पाणी सोसतो म्हणून. त्याची मुळे जोरकस असतात आणि जमिनीतले नत्र भरपूर उचलतात. हलक्या मुरमाड रानात, पाणी बेताचे असताना हा जोम वेलीला तारतो. तुमच्या काळ्या रानात ओल टिकते, त्यात वरून युरिया पडतो, आणि मग तोच जोम उलटतो.

ऑक्टोबरात दिसणाऱ्या घडाचा निर्णय मे महिन्यातच झालेला असतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (जुन्या काड्या बुडाशी कापून नवी वाढ घेतात ती) साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात एक सूक्ष्म कोंब तयार होतो. त्याचा घड होणार की बाळी, हे त्या वेळच्या संजीवकांवर (वेलीतल्या वाढ ठरवणाऱ्या द्रव्यांवर) आणि उजेडावर ठरते. सायटोकायनिन पुरेसे असेल, डोळ्यावर ऊन पडत असेल आणि काडीत अन्नसाठा होत असेल, तर घड. शेंडा सरसर पळत असेल तर वेलीत जिबरेलिनचा जोर राहतो आणि त्याच कोंबाची बाळी होते. सावलीतली, लांब पेरांची, बोटाएवढी जाड काडी म्हणूनच बहुतेक वांझ निघते. जाड काडी म्हणजे सशक्त काडी, हा समज काळ्या रानात फार नुकसान करतो.

पाच वर्षांच्या बागेचा खुंट आता बदलता येणार नाही, जोम मात्र आवरता येतो. खरड छाटणीनंतर वेलीवरची गर्दी आधी कमी करा. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असेल तर वेलीला 35 ते 40 काड्या पुरेत, बाकीच्या कोवळ्या असतानाच काढा. काडी नऊ-दहा पानांची झाली की सात पानांवर शेंडा मारा आणि त्यातून निघणारी सबकेन (उपकाडी) पाच पानांवर थांबवा. सबकेनच्या गाठीजवळचे डोळे सहसा फळधारक होतात. 40 ते 60 दिवसांच्या टप्प्यात नत्र पूर्ण बंद ठेवा आणि पाणी वाढीच्या काळातल्या पाण्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणा. काळ्या जमिनीत ओल टिकत असल्याने हा ताण पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत दिसत नाही, म्हणून पाणी चाळिसाव्या दिवशी नव्हे, त्याच्या थोडे आधीच कमी करायला लागा. 45 व्या दिवशी पाचव्या पानाचे देठ परीक्षणाला द्या. त्यात नत्र जास्त आले, तर पुढच्या हंगामाचा युरिया तिथेच कापा.

ऑक्टोबरच्या फळ छाटणीच्या आठ-दहा दिवस आधी प्रातिनिधिक काड्या घेऊन प्रयोगशाळेत डोळे तपासून घ्या. घड कितव्या डोळ्यात आहे ते कळल्याशिवाय कात्री लावू नका. घड सातव्या डोळ्यात असताना चौथ्यावर छाटले, तर मेची सगळी मेहनत कात्रीखाली जाते.

प्रश्न : मी खारघरला असतो. जत तालुक्यातल्या शेतात नवी लागवड करायची आहे. बोअरचे पाणी मचूळ आहे आणि जमिनीत चुनखडी दिसते. गावात सगळे डॉगरिजच लावा म्हणतात.

उत्तर : तुमच्याकडे क्षार आणि चुना या दोन वेगळ्या अडचणी आहेत. क्षाराची खूण जुन्या पानांवर दिसते, कडा करपत आत येतात. चुन्याची खूण कोवळ्या पानांवर : शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, कारण चुन्यामुळे लोह मुळांना मिळत नाही.

डॉगरिज सुरुवातीची काही वर्षे खाऱ्या पाण्यावर छान चालतो. बाग जुनी होत जाते तसा सोडियम पानांपर्यंत चढू लागतो, आणि हे लक्षात येईपर्यंत ओलांडे (मांडवावरच्या कायमच्या फांद्या) वाळायला लागलेले असतात. 110 आर आणि 140 आरयू हे खुंट सोडियम व क्लोराइड मुळाशी जास्त चांगले अडवतात. हे दोन्ही बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या जातींच्या संकरातून आले आहेत. बर्लांडिएरी टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर वाढणारी जात. एकोणिसाव्या शतकात मुळांवरच्या फायलोक्सेरा किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा 1887 मध्ये फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ पिएर व्हियाला चुनखडीत टिकणारा खुंट शोधायला अमेरिकेत गेले ते याच गुणासाठी. बर्लांडिएरीची काडी सहज मुळे धरत नाही, म्हणून संकर करावा लागला. तुमच्यासाठी आम्ही 110 आर सुचवू. वाढ मध्यम, त्यामुळे घडनिर्मितीलाही सोपा.

पण खुंट म्हणजे क्षारांवरचा इलाज नव्हे. मातीच्या संपृक्त अर्काची ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचे माप) 1.5 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की द्राक्षाचे उत्पन्न घटू लागते. ईसी, मुक्त चुना आणि पाण्यातला सोडियम तपासल्याशिवाय रोपांची आगाऊ रक्कम भरू नका. मुक्त चुना असेल तर जिप्समऐवजी गंधक वापरा. गंधकाचे जमिनीत आम्ल होते, ते चुना विरघळवते आणि सुटलेले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. तो सोडियम पावसाच्या पाण्याने खाली धुऊन जायला हवा, म्हणून चर आधी काढा.

प्रश्न : ऐरोलीहून विचारते. मुरबाडला अर्धा एकर जागा आहे. 110 आरवर कलम केले तर केवडा (पानांवरचा बुरशीजन्य रोग) येत नाही, असे एका रोपवाटिकेत सांगितले. खरे का?

उत्तर : नाही. खुंटाचे काम जमिनीत चालते. पान, फुलोरा आणि मणी कलमाच्या जातीचे असतात. जून ते सप्टेंबरच्या सरींत केवडा आणि करपा थॉमसनवर येणारच, खुंट कोणताही असो. मुरबाडच्या पावसात व्यापारी बागेचा खर्च फवारणीतच जाईल. हौसेपुरत्या चार वेली लावायच्या तर खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरका, म्हणजे डोळ्यात घड तयार होण्याचा काळ पाऊस आणि ढगाळ हवा यायच्या आत संपतो.

प्रश्न : नेरूळला गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये कलमी द्राक्षवेल आहे. तीन वर्षांत एकही घड नाही. पाने लहान, गोलसर, कोवळे शेंडे पांढुरके. खत कमी पडते का?

उत्तर : खत थांबवा. वर्णनावरून कलम मेले आहे आणि तुम्ही डॉगरिज वाढवत आहात. खाण्याच्या द्राक्षांचे पान मोठे, खाचांचे, दातेरी कडांचे असते. डॉगरिजचे गोलसर, जवळपास खाचा नसलेले आणि शेंड्याला पांढरी लव असलेले. खोडावर कलमाची गाठ शोधा. सगळ्या फांद्या गाठीच्या खालून निघाल्या असतील, तर शंकाच नको.

मूळ सशक्त आहे, तेव्हा सप्टेंबरात पुन्हा पाचर कलम करा. त्या वेळची दमट हवा आणि 25 ते 35 अंश तापमान कलमाला मानवते. पेन्सिलीएवढी, 8 ते 10 मिलिमीटर जाडीची एक सरळ फांदी ठेवून बाकीच्या काढा. ती मातीपासून एक-सव्वा फुटावर आडवी कापा आणि मधोमध सुमारे दीड इंच चीर द्या. तेवढ्याच जाडीची, पिकलेली, दोन डोळ्यांची काडी घ्या. तिला खालून दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा तिरपा काप देऊन पाचर करा. कापावर बोट लावू नका आणि तो वाळू देऊ नका. काडी बारीक निघाली तर एका बाजूची साल तरी खुंटाच्या सालीशी तंतोतंत जुळवा, कारण जोड सालीखालच्या थरातच होतो. मधोमध बसवलेली बारीक काडी हमखास वाळते. प्लॅस्टिक पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळा, डोळे उघडे ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटेल. खुंटावर येणारी प्रत्येक फूट कोवळी असताना हाताने ओरबाडून काढा. कात्रीने कापली तर बुडाशी डोळा राहतो आणि तिथून पुन्हा फुटते. जोड पक्का झाला की पट्टी उभी चिरून काढा, नाहीतर ती खोडात रुतते. पुढे ड्रममध्ये माती भरताना जोड कधीही गाडू नका, कारण वरची जात स्वतःची मुळे सोडते आणि खुंट निकामी होतो.