फँटसी कुठे सुरू होते आणि कुठे संपते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या कादंबरीत कोकणातल्या एका गावातली विहीर आहे. अमावास्येला तिच्यात वाकून पाहिलं की पाहणाऱ्याला स्वतःचा मृत्यू दिसतो. स्पर्धेच्या अर्जात साहित्यप्रकार निवडायचा आहे: फँटसी, विज्ञानकथा, भयकथा, रहस्यकथा, पौराणिक की सामाजिक? मित्र म्हणतात, अशक्य गोष्ट आली की ती फँटसी. मग भुताच्या गोष्टी, 'ययाती', नारळीकरांच्या कथा हे सगळंच फँटसी नाही का?"

तुमची शंका रास्त आहे. मी एका सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभागात काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोज असतो. ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची जी ड्यूईची दशांश पद्धत आहे, तिच्यात मराठी कथा-कादंबरीचा क्रमांक ८९१.४६३. पुस्तक कुठल्या भाषेतलं आणि कथा की कविता, एवढं त्यावरून कळतं. त्यात भूत आहे की यंत्रमानव, हे कळत नाही. सभासदाला मात्र नेमकं तेच हवं असतं. "मोठ्यांसाठी जादूचं, वेगळ्या दुनियेतलं काही आहे का?" असं विचारणाऱ्याच्या हातात भयकथा ठेवली, तर तो दोन दिवसांत ती परत आणतो आणि म्हणतो, "हे नव्हे हो." म्हणजे फरक आहे आणि वाचकाला तो जाणवतो. फक्त तो "अशक्य गोष्ट आहे का?" या प्रश्नातून सापडत नाही. अशक्य गोष्ट समोर आल्यावर गोष्टीतली माणसं काय करतात आणि लेखक तिचा खुलासा कुठून आणतो, ते बघावं लागतं.

तुमचीच विहीर घ्या. एक बाई अमावास्येला तिच्यात डोकावते आणि तिला स्वतःचं प्रेत दिसतं. ती किंचाळत घरी येते, तापाने फणफणते, घरचे म्हणतात भास झाला असेल, आणि मग तिला दिसलं तसंच एकेक घडायला लागतं. ही भयकथा. दुसरीकडे, पुण्याहून एक भूगर्भशास्त्रज्ञ येते, पाण्याचे नमुने घेते, मोजमापं करते आणि तळाच्या खडकापाशी काळ उलटसुलट का होतो याबद्दल एक सिद्धांत मांडते. ही विज्ञानकथा. शेवटी असं निघालं की जमिनीच्या भांडणात भावकीतल्या कुणीतरी हा सगळा बनाव रचला होता, तर ती रहस्यकथा.

आता अशी कादंबरी बघा. विहिरीचं सगळ्या गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. स्थळ सांगून आलं की पहिला प्रश्न पत्रिकेचा नसतो, "मुलीनं पाहिलंय का?" हा असतो. पाहिलेल्यांची पंगत वेगळी बसते. राखणीचा मान खोताच्या घराकडे आहे आणि त्या घरातल्या थोरल्याने आयुष्यात कधीही विहिरीत डोकवायचं नाही, असा दंडक आहे. कादंबरी सुरू होते ती थोरल्याने डोकावलं त्या रात्री. ही फँटसी. इथे "हे शक्यच कसं आहे?" असं कुणी विचारत नाही. ते विचारतात, "आता करायचं काय?" नियम आधीच मान्य झालेला असतो आणि गोष्ट असते ती त्या नियमाच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांची.

याचं सगळ्यात नेटकं उदाहरण आपल्या घरातलंच आहे, वेताळपंचविशी. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. त्या ग्रंथाचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत मानतात, आणि परंपरा गुणाढ्याला सातवाहनांच्या दरबारी, म्हणजे आपल्या पैठणला नेऊन बसवते. चांदोबा वाचत वाढलेल्यांना तर तिचा साचा तोंडपाठ असेल. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालायचं. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगणार आणि शेवटी प्रश्न टाकणार. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर. या नियमाची करामत बघा. राजा मठ्ठ असता तर त्याचं काम पहिल्याच फेरीत झालं असतं. तो न्यायी आहे, शहाणा आहे, म्हणूनच त्याला पुन्हा पुन्हा स्मशानातल्या त्या झाडापर्यंत हेलपाटा पडतो. शेवटच्या कोड्याचं उत्तर त्याला सुचत नाही, तो खरोखर गप्प राहतो, आणि तिथे सुटका होते. वेताळ प्रेतात शिरला कसा, हे राजा विचारत नाही आणि आपणही विचारत नाही. चांगल्या फँटसीत जादूला असा नियम असतो, नियमाला किंमत असते, आणि ती किंमत माणसाच्या स्वभावावर नेमकं बोट ठेवते.

विज्ञानकथेत नियम आपल्याच जगाचे असतात, आणि त्यांना मुरड घातली तर लेखकाला कारण द्यावं लागतं. जयंत नारळीकरांची "गंगाधरपंतांचे पानिपत" ही कथा माझ्या मते यासाठी फार उपयोगी आहे, कारण ती सीमेच्या अगदी जवळून जाते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अचानक अशा मुंबईत जाऊन पोहोचतात जिथे १७६१ च्या पानिपतात मराठे जिंकले होते. तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात बखर चाळताना त्यांना कारण सापडतं: आपल्या इतिहासात जी गोळी विश्वासरावांना लागली, ती तिथे कानाजवळून निघून गेली, तिळाएवढ्या फरकाने. ते बखरीचं पान घेऊन परत येतात. इथपर्यंतची गोष्ट फँटसीत सहज बसली असती. पण पुढे कथेतलंच दुसरं पात्र, राजेंद्र देशपांडे, त्यांना पुंज (क्वांटम) सिद्धांतातली अनिश्चितता समजावून सांगतात: एकाच घटनेतून अनेक शक्यता फुटतात, त्यांतलं एकच जग आपल्याला दिसतं, आणि गंगाधरपंत दुसऱ्यात शिरले असावेत. तो खुलासा काढून टाका आणि त्याजागी जुन्या देवळातला एखादा दरवाजा ठेवा. एकही प्रसंग न बदलता कथा दुसऱ्या कपाटात जाईल.

खुलासा किती पक्का हवा यावर विज्ञानकथाकारांचंही एकमत नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नने १८६५ च्या कादंबरीत माणसं चंद्राकडे धाडली ती तोफेतून, स्फोटक दारूच्या जोरावर. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने १९०१ मध्ये त्यासाठी गुरुत्वाकर्षण अडवणारा एक पदार्थच कल्पिला. व्हर्नचा आक्षेप असा की मी वापरलेली दारू कुणीही पाहू शकतो, वेल्सने आपला पदार्थ आणून दाखवावा. शास्त्राच्या कसोटीला व्हर्नची तोफही टिकत नाही, त्यातले प्रवासी सुटतानाच चिरडून गेले असते. तरी दोघंही विज्ञानकथाकारच, कारण दोघांनाही कारण द्यावंसं वाटलं. उलट अंतराळयानं, लेझर, यंत्रमानव सगळा जामानिमा असलेला "स्टार वॉर्स" मी बिनदिक्कत फँटसीत घालते. त्यातली मूळ शक्ती गूढ आहे, गुरूकडून शिष्याकडे जाते, आणि क्रोधाला बळी पडलं की माणसाला गिळते. नुसत्या वेशावरून प्रकार ठरवू नका.

भयकथेची सीमा जास्त अवघड, आणि तुम्हाला तिथेच जपून राहावं लागेल. नारायण धारपांच्या कथा आठवा: नेहमीचं घर, नेहमीची माणसं, आणि त्यात काहीतरी शिरतं जे तिथे असायलाच नको. ते बाहेरचं आहे ही जाणीव हाच भयकथेचा प्राण. फँटसीत अद्भुत हे त्या जगातलंच असतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात का? नांदतात. २०१८ चा "तुंबाड" हा चित्रपट घ्या. हस्तर या शापित देवाची आणि वाड्यातल्या त्या आजीची आपल्याला भीती वाटते, पण विनायक घाबरून पळत नाही. पिठाचं रिंगण, कणकेची बाहुली, हस्तर ती खात असेतो त्याच्याकडच्या मोहरा ओढायच्या, हे त्याने नीट शिकून घेतलेलं असतं आणि त्यावर तो वर्षानुवर्षं संसार चालवतो. भीतीचा धंदा करता आला की गोष्ट फँटसीकडे झुकली असं समजा. (त्याच गावाचं नाव घेतलेली श्री. ना. पेंडशांची "तुंबाडचे खोत" वेगळ्याच कपाटात असते, आणि कोकणातल्या घराण्यावर लिहिताय तर ती वाचाच.)

आता "ययाती". वि. स. खांडेकरांची १९५९ ची ही कादंबरी मी कधीच फँटसीत ठेवणार नाही, जरी त्यातली मध्यवर्ती घटना, मुलाने बापाचं म्हातारपण स्वतःवर घेणं, हिच्याइतकी अशक्य गोष्ट शोधून सापडायची नाही. शुक्राचार्यांचा शाप खांडेकरांनी घडवलेला नाही. तो महाभारतातून आला आणि पुस्तक उघडण्याआधीच वाचकाला ठाऊक असतो. खांडेकर पात्रांच्या मनात हवे तितके खोल शिरतात, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा यांना स्वतःच्या तोंडून बोलू देतात, पण ययातीला म्हातारपण येणारच नाही असं काही त्यांना लिहिता येत नाही. फँटसीकाराला ते बंधन नसतं आणि तो आधारही नसतो. नियम त्यालाच घडवावे लागतात आणि वाचकाच्या गळी उतरवावे लागतात. शिवाय अनेकांच्या घरी या कथांना श्रद्धेची जागा आहे, तिचाही मान ठेवायला हवा. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पांनी "पर्व"मध्ये महाभारतातले चमत्कारच काढून टाकले, तर तीच सामग्री थेट मानवी समाजाची कादंबरी झाली. आणि कुणी यक्ष-गंधर्व घेऊन, आपले नियम लावून, कुणालाच माहीत नसलेली नवी गोष्ट रचली, तर तिला मी आनंदाने फँटसी म्हणेन.

तुमच्या यादीत नसलेला एक प्रकार म्हणजे जादुई वास्तववाद. गार्सिया मार्केझच्या १९६७ च्या कादंबरीत एक सुंदर मुलगी चादरींच्या घड्या घालायला मदत करताना चादरींसकट आकाशात उडून जाते, आणि घरातली एक बाई पुढे कितीतरी दिवस देवाकडे मागणं मागते ते चादरी परत मिळाव्यात म्हणून. इथेही "हे कसं?" असं कुणी विचारत नाही, त्यामुळे फँटसीशी गल्लत होते. मी फरक असा करते: मार्केझच्या घरातल्या कुणालाही त्या उडण्याचा उपयोग करून घेता येत नाही. तो प्रसंग एकदाच घडतो, त्याला नियम नाही. फँटसीत नियम कळला की माणसं त्यावर बेत आखतात, पळवाटा शोधतात, एकमेकांना फसवतात.

बाकीचं पटकन. पंचतंत्रातले बोलणारे प्राणी म्हणजे मुखवटा घातलेली माणसंच, म्हणून ती नीतिकथा. हळब्यांच्या "मुक्तामाला"सारख्या (१८६१) अद्भुतरम्य कादंबऱ्यांत संकटं आणि योगायोग यांची रेलचेल असते, पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. जी. ए. कुलकर्णींच्या "रमलखुणा"तल्या दोन दीर्घकथा कुठल्याच नकाशावर नसलेल्या प्रदेशात घडतात. बरेचजण त्यांना रूपककथा म्हणतात, मला त्या फँटसीच वाटतात, कारण तो प्रदेश मला खरा वाटतो. आणि शेवटी नायकाला जाग येते नि सगळं स्वप्न ठरतं, असा शेवट कृपा करून करू नका. "लॉर्ड ऑफ द रिंग्ज" लिहिणाऱ्या टॉल्किनने १९३९ च्या परीकथांवरच्या व्याख्यानात स्वप्नाची ही युक्ती परीकथेच्या बाहेर ठेवली होती, आणि मला ते पूर्ण पटतं. वाचकाने तीनशे पानं तुमच्या विहिरीवर विश्वास टाकलेला असतो.

अर्जावर एकच खूण करायची असेल तर शेवटचं प्रकरण कशाचा निकाल लावतं ते बघा. विहिरीपासून सुटका होते का, हा प्रश्न असेल तर भयकथा. ती खरी होती का, हा असेल तर रहस्य किंवा गूढ. ती अशी का आहे, याचं शास्त्रीय कारण मिळत असेल तर विज्ञानकथा. विहिरीचा दंडक मोडल्याची किंमत कुणी मोजली हा असेल, तर बेधडक फँटसी लिहा. आणि सोबतच्या सारांशात पहिल्या दोन ओळींतच तो दंडक आणि ती किंमत येऊ द्या, "एक रहस्यमय विहीर" एवढ्यावर भागवू नका. आमच्याकडे पुस्तक आलं की मी सुद्धा मलपृष्ठावर आधी तेच शोधते.