मिस्टरांची नोकरी गेली, मी काय करू?

प्रश्न: आम्ही नऊ वर्षांपासून न्यू जर्सीत आहोत. मागच्या सोमवारी मिस्टरांची नोकरी गेली. ते एच-१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा कामाचा व्हिसा), मी एच-४वर (जोडीदार म्हणून मिळणारा व्हिसा), मुलगी दुसरीत. मी पुण्याची बी. फार्म. लग्नाआधी तीन वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटीमध्ये होते, इथे आल्यापासून घरीच. त्यांचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर झालेलं आहे. सांगलीला सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. मिस्टर दिवसभर लॅपटॉपसमोर बसतात आणि विचारलं की म्हणतात, "तू काळजी करू नकोस." मी काय करू?

उत्तर: काळजी करा, पण कागद-पेन घेऊन करा.

आज रात्री मुलगी झोपली की दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसा आणि कॅलेंडरवर एक तारीख लाल करा. नोकरी संपल्यापासून इथे राहायला सलग ६० दिवस मिळतात. आय-९४ची (देशात कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी नोंद) मुदत त्याआधीच संपत असेल तर मात्र तेवढेच. सेव्हरन्सचे (नोकरीवरून काढताना कंपनी देते ते) पैसे मिळाले म्हणून हे दिवस वाढत नाहीत. पगार चालू ठेवून "घरी बसा" असं सांगितलं असेल तर मोजणी कधीपासून धरायची, ते वकिलाला विचारा. एवढ्या दिवसांत नव्या कंपनीने त्यांच्यासाठी एच-१बीचा अर्ज भरला पाहिजे. अर्ज पोचला की मिस्टर काम सुरू करू शकतात, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. पन्नासाव्या दिवसापर्यंत काही हाती लागलं नाही, तर मुदत संपायच्या आत बी-२ या पर्यटक व्हिसावर किंवा दुसऱ्या कशावर जायचा अर्ज टाकायचा. आणि "चार महिने भारतात जाऊन येऊ" असं एकदम ठरवू नका. देशाबाहेर असलेल्या माणसाच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर शुल्काचा नियम सप्टेंबर २०२५मध्ये आला. तुमच्या बाबतीत तो लागतो की नाही, हे विमानाचं तिकीट काढायच्या आधी समजलेलं बरं.

आय-१४०च्या मंजुरीची प्रत तुमच्या घरात आहे का? बऱ्याच कंपन्या ती स्वतःकडेच ठेवतात. आजच मागून घ्या. मंजुरीला १८० दिवस उलटले असतील तर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख जात नाही. विम्यासाठी कोब्रा (जुन्या कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं) घ्यायचं की नाही, हे ठरवायलाही ६० दिवस असतात. महाग आहे, पण मूल आहे घरात.

आता तुमच्याबद्दल. पत्रात तुम्ही ईएडीचा, म्हणजे काम करायच्या परवान्याचा, उल्लेखच केलेला नाही. जोडीदाराचं आय-१४० मंजूर असेल तर एच-४वाल्यांना काम करायचा परवाना २०१५पासून मिळतो. तुम्ही तो काढला आहे का? असेल तर त्यावरची तारीख बघा. ऑक्टोबर २०२५च्या अखेरीपासून नूतनीकरणाचा अर्ज भरला की आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे, त्यामुळे सहा महिने आधीच अर्ज भरायचा. काढलाच नसेल, तर मिस्टरांचं स्टेटस सावरलं की पहिलं काम तेच. तोवर पुण्यातल्या कंपनीचं काम इथे घरी बसून करू नका. पगार रुपयांत आला तरी काम करणारी व्यक्ती अमेरिकेत असते, आणि ते पुढे अंगाशी येऊ शकतं. शिकायला मात्र एच-४वर मनाई नाही.

फार्मसिस्ट व्हायचा विचार असेल तर तो सोडा. २००३पासून पदवी घेतलेल्या परदेशी फार्मसिस्टसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपला बी. फार्म. चार वर्षांचा. या एका ओळीपायी कितीतरी जणींची दोन-दोन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत. पण तुम्ही क्वालिटीत होतात! यूएसएफडीएचं (अमेरिकेच्या औषध नियंत्रकांचं) ऑडिट आलं की रात्री दहापर्यंत बॅच रेकॉर्ड चाळत बसणं, ४८३ (तपासणीत सापडलेल्या त्रुटींचा एफडीएचा फॉर्म) हा आकडा ऐकला की पोटात गोळा येणं, डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेला फरक), कापा (चूक सुधारणं आणि ती पुन्हा होऊ न देणं), हे सगळं तुम्ही केलेलं आहे. इथल्या कंपन्यांना तोच एफडीए आहे आणि तेच नियम आहेत. क्वालिटी, रेग्युलेटरी, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) यांतल्या कामाला फार्मसिस्टचं लायसन्स लागत नाही. जॉन्सन अँड जॉन्सनचं मुख्यालय न्यू ब्रन्सविकला, मर्कचं राहवेला. औषधांच्या राज्यात राहता आणि नऊ वर्षं रेझ्युमे कपाटात आहे, याचं मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटायला कारण आहे. २००९च्या फेब्रुवारीत मीही एच-१बीवर होते, एका बँकेत टेस्टिंगला. सकाळी डबा फ्रिजमध्ये ठेवला, अकराला मीटिंगला बोलावलं, साडेअकराला रस्त्यावर. तेव्हा ही ६० दिवसांची सवलतही नव्हती, ती २०१७ची. नवऱ्याचा स्वतःचा एच-१बी होता म्हणून मी धावतपळत एच-४वर गेले, आणि तेव्हा एच-४वर ईएडी मिळतच नव्हती. दोन वर्षं घरी. पहिले तीन महिने मी फक्त भांडी घासली आणि नवऱ्यावर चिडले. मग कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्सला नाव घातलं, सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकले.

आणि तो डबा! तिसऱ्या दिवशी ऑफिसातला एक गुजराती सहकारी तो घासूनपुसून घरी घेऊन आला. रिकामा देऊ नये म्हणून आत खाकरे. पुढे तो एका क्लिनिकल रिसर्च कंपनीत गेला आणि २०११मध्ये तिथे जागा निघाली तेव्हा त्याने मला फोन केला. आधी एकदा एच-१बीच्या वार्षिक कोट्यात मोजली गेले होते, म्हणून उरलेल्या मुदतीसाठी एच-१बी पुन्हा मिळाला. (मिस्टरांनाही हे सांगा, त्यांनाही नव्याने लॉटरीत (एच-१बीच्या सोडतीत) जावं लागू नये.) त्या माणसाशी माझी ओळख फक्त जेवणाच्या टेबलावरची होती. म्हणून मिस्टरांना म्हणावं, दिवसाला ४० अर्ज टाकण्यापेक्षा चार जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. तुमच्या पुण्याच्या कंपनीतले लोक आता कुठे-कुठे आहेत, ते तुम्हीही शोधा.

सासूबाईंना शनिवारी सकाळी सांगा. मिस्टरांनीच सांगायचं, तुम्ही नाही. या बातमीला सांगलीला पोचायला फेसबुकवरचा एखादा भाचा पुरतो आणि मग "माझ्यापासून लपवलंत" हे वर्षभर ऐकावं लागतं. मुलीलाही दोन वाक्यांत सांगा. बाबा दिवसभर घरी आहेत, हे तिला दिसतंच आहे.

पुढच्या पत्रात दोनच गोष्टी कळवा: आय-९४वरची तारीख आणि ईएडी आहे की नाही. रेझ्युमे लिहून झाला तर तोही पाठवा, मी वाचेन.