कामात हुशार असलेली माणसं बढती मिळाल्यावर साहेब म्हणून का फसतात?

पीटर प्रिन्सिपल तुम्ही ऐकलं असेलच. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ मध्ये मांडलं: जमतंय तोवर माणूस वर जातो, जमेनासं झालं की तिथेच मुक्काम. मी आमच्या टूलरूमचं सांगतो, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे साचे (डाय) जिथे बनतात त्या विभागाचं.

आमच्याकडे एक टूलमेकर होते, सगळे अण्णा म्हणायचे. प्रेसचा आवाज ऐकून पंच, म्हणजे पत्रा कापणारा वरचा भाग, बोथट झालाय हे ओळखायचे. कापलेल्या पत्र्याला बर (धारदार खरबरीत कड) कुठल्या बाजूला येतोय ते बघून क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, कुठे बिघडलाय हे सांगायचे, मोजमाप नंतर. त्यांना कंपनीने टूलरूम मॅनेजर केलं. केबिन, लॅपटॉप, रोजची मीटिंग. अण्णांना कुणाला 'नाही' म्हणताच यायचं नाही. मार्केटिंगवाले मागतील ती तारीख कबूल करून यायचे आणि मग पोरांच्या हातातली कानस हिसकावून रात्री उशिरापर्यंत स्वतःच घासत बसायचे. पोरं शिकेनात, डाय वेळेवर जाईनात. परत बेंचवर पाठवा म्हणून त्यांनी एचआरला सांगितलंही. "असं कसं, लोक काय म्हणतील?" शेवटी व्हीआरएस घेतली.

पुढे तीच खुर्ची मला देऊ केली. मी नको म्हणालो. तेव्हापासून आमचे साडू प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात, "तुम्हाला महत्त्वाकांक्षाच नाही." ते बँकेत. प्रमोशन घेतलं, बदली परराज्यात, बायकोमुलं इथे, आणि ब्रँचमधला स्टाफ यांना टाळतो. ही महत्त्वाकांक्षा असेल तर ती त्यांनाच लखलाभ. हातातलं काम उत्तम येणं ही काय कमीपणाची गोष्ट आहे?

आणि हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेतल्या १३१ कंपन्यांच्या सेल्सवाल्यांवरचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. जास्त माल विकणारा आधी मॅनेजर होतो, पण तो आला की हाताखालच्यांची विक्री घसरते. इटलीतल्या कातानिया विद्यापीठाच्या तिघा संशोधकांना तर २०१० साली इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं, चिठ्ठ्या टाकून बढत्या दिल्या तरी कंपनीचं भलंच होईल हे गणिताने दाखवल्याबद्दल.

आता, सगळेच फसतात असं नाही. आमचा सध्याचा मॅनेजर साधारण फिटर होता, माणसं मात्र झकास सांभाळतो. शिवाय पगार पदाला बांधलेला, त्यामुळे नकार सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. माझी बायको नोकरी करते म्हणून मला जमलं.

तुम्हाला बढती घ्यावीच लागली तर आधी काही महिने तात्पुरता चार्ज मागा आणि जुन्या जागेवर परत येता येईल हे लेखी घ्या. तोंडी चालणार नाही, एचआरची माणसं बदलत राहतात.