वाचकांचे प्रश्न : जीएनएमच्या पहिल्या वर्षी विषय राहिला, आता पुढे काय?

प्रश्न : मी करवीर तालुक्यातील एका गावात राहते. बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाल्यावर मी एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) हा अभ्यासक्रम केला आणि काही वर्षे कोल्हापुरातील एका खासगी रुग्णालयात काम केले. तिथे अनुभव माझा अधिक असूनही जबाबदारीची कामे आणि पगारवाढ जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसाविका ही पदविका) झालेल्या मुलींनाच मिळत असे; म्हणून नोकरी सोडून, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मी जीएनएमला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत बायोसायन्सेस या विषयात मी नापास झाले. बाकीचे सर्व विषय सुटले आहेत. मला सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागेल का? असा डाग लागल्यावर पुढे मला नोंदणीकृत नर्स होता येईल का? एका ओळखीच्या गृहस्थांनी परराज्यातील एका संस्थेचे नाव सुचवले आहे; तिथे फक्त परीक्षेला जावे लागते, असे ते म्हणतात. घरचे मात्र म्हणतात की आता वय झाले, पुन्हा एएनएमची नोकरी धर.

उत्तर : सर्वप्रथम आपली एक समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. एएनएम उत्तीर्ण होऊन आपण महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी केलेली आहे, म्हणजे आपण आजही नोंदणीकृतच आहात. जीएनएमचा एक विषय राहिल्यामुळे त्या नोंदणीला कोणतीही बाधा येत नाही. जीएनएम पूर्ण झाल्यावर आपली नोंद परिचारिका व प्रसाविका म्हणून, म्हणजे बोलीत आपण ज्याला आरएनआरएम म्हणतो त्या वर्गात होईल. ही नवी नोंद अभ्यासक्रम पूर्ण केल्याच्या आधारावर होते. त्यामुळे एखादा विषय दुसऱ्या प्रयत्नात सुटला, एवढ्यावरून परिषद कोणाची नोंदणी नाकारत नाही. आपण त्याला डाग म्हणता, ते मला मुळीच मान्य नाही.

सगळे पहिल्यापासून करण्याचेही कारण नाही. सुटलेले विषय सुटलेलेच राहतात. राहिलेल्या विषयाची परीक्षा तेवढी पुन्हा द्यावी लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार दोनपेक्षा अधिक विषयांत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थिनीला पुढील वर्गात जाता येत नाही. आपला एकच विषय राहिला असल्याने दुसऱ्या वर्षाचे तास आणि वॉर्डातील प्रात्यक्षिके आपण सुरू करू शकता; मात्र दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसण्यापूर्वी पहिल्या वर्षाचा हा विषय सुटलेला असला पाहिजे, आणि म्हणून पुरवणी परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. प्रवेश रद्द करून दुसऱ्या कॉलेजात नव्याने सुरुवात करण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. तसे केल्यास सुटलेल्या विषयांचे श्रम आणि भरलेली फी, दोन्ही वाया जाईल. वयाविषयी म्हणाल, तर जीएनएमसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे, परंतु एएनएम झालेल्या उमेदवारांना ती मर्यादा लागू नाही. एएनएम झालेल्या स्त्रिया नोकरी, लग्न, मुले यांतून वाट काढत उशिरा पुढील शिक्षणाकडे येतात, हे लक्षात घेता ही सवलत अगदी योग्यच आहे.

आता विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तिथेच आहे. बायोसायन्सेसमध्ये शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र येते. वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या एएनएम विद्यार्थिनींना नर्सिंग फाउंडेशन किंवा सामाजिक आरोग्य परिचर्या हे विषय परिचयाचे वाटतात. या विषयात मात्र त्या अडखळतात, कारण एएनएमच्या अभ्यासक्रमात तो इतक्या खोलात जात नाही आणि कला शाखेतून आलेल्या मुलीला बारावीच्या जीवशास्त्राचा आधारही नसतो. काय करायचे हे आपल्याला उत्तम येते. ते का करायचे, हे हा विषय विचारतो. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट द्यायचे नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडायचे, हे आपण रुग्णालयात शिकला असाल. पेशीच्या आत आणि बाहेर असलेल्या पोटॅशियमचा समतोल एकाएकी ढळला की हृदयाच्या स्नायूंतील विद्युतक्रिया बिघडून हृदय थांबू शकते, हे त्यामागचे कारण शरीरक्रियेच्या पुस्तकात आहे. पित्तनलिका अडलेल्या काविळीच्या रुग्णाची लघवी गडद आणि शौच पांढुरके झालेले आपण पाहिले असेल. पित्त आतड्यात न उतरता रक्तात साचते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, एवढे समजले की यकृताचे प्रकरण पाठ करावे लागत नाही. रोज एक अवयव घ्यावा, त्या अवयवाचा आजार झालेला आपण सांभाळलेला एखादा रुग्ण आठवावा, आणि मग पुस्तक उघडावे. आकृत्या नावांसहित हाताने काढण्याचा सराव ठेवावा. उत्तरे इंग्रजीतून लिहिण्याची भीती असेल तर छोटी, साधी वाक्ये लिहून ती शिक्षिकांकडून तपासून घ्यावीत. माझ्या मते माहिती असूनही ती कागदावर न उतरणे, हेच अनेक अनुभवी विद्यार्थिनींच्या नापास होण्याचे मोठे कारण असते. लेखी आणि अंतर्गत मूल्यमापन यांपैकी आपले गुण नेमके कुठे कमी पडले, हेही कॉलेजात जाऊन विचारावे, म्हणजे मेहनत योग्य ठिकाणी होईल.

त्या ओळखीच्या गृहस्थांना मात्र स्पष्ट नकार द्यावा. जीएनएम हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि त्यात शेवटच्या सहा महिन्यांची इंटर्नशिप येते. तासांना किमान ७५ टक्के उपस्थिती लागते आणि प्रात्यक्षिकांचे तास तर पदविका मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरून द्यावे लागतात. त्यामुळे केवळ परीक्षेपुरते जाऊन जीएनएम होण्याचा वैध मार्ग अस्तित्वातच नाही. अशा कागदावर नोंदणी मागायला गेल्यास आपले पैसे तर जातीलच, शिवाय प्रामाणिकपणे मिळवलेल्या एएनएमच्या नोंदणीवरही प्रश्न उभा राहू शकतो. ज्या रुग्णाच्या हातात सुई टोचायची आहे, त्याचाही विचार इथे करावा लागतो.

घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, कारण पगार थांबलेला असताना शिक्षण लांबणे परवडत नाही. त्यांच्याशी बोलताना पुढचे चित्र त्यांच्यासमोर ठेवावे. कोल्हापुरातील सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदासाठी केवळ एएनएम चालत नाही. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग हवे. आपण बारावी उत्तीर्ण आहात, तेव्हा जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगही आपल्याला करता येते, आणि एएनएमवरून तिथे थेट जाता येत नाही. सुट्टीच्या काळात जुन्या रुग्णालयात काही पाळ्या मिळतात का, हे विचारण्यास हरकत नाही. परंतु तासांच्या उपस्थितीला धक्का लावून रात्रपाळी पत्करू नये.

पुरवणी परीक्षेतही विषय सुटला नाही, तर आपल्या प्रवेशवर्षाला लागू असलेल्या नियमांत किती प्रयत्नांची मुभा आहे, हे प्राचार्यांकडून लेखी घ्यावे आणि मगच पुढचा निर्णय करावा. त्यानंतरही जीएनएम सोडण्याची वेळ आलीच, तर एएनएमच्या पात्रतेवर उपकेंद्रातील आरोग्य सेविकेच्या भरतीसाठी अर्ज करता येतो, आणि त्या सेवेत पुढे आरोग्य सहाय्यिकेच्या पदापर्यंत बढती मिळू शकते. तूर्त पुरवणी परीक्षेचा अर्ज भरावा.