हक्क, नाहक आणि हुक्का

प्रश्न असा आहे: फ्रेंच राज्यक्रांतीतल्या 1789 च्या जाहीरनाम्याला मराठीत 'मानवी हक्कांचा जाहीरनामा' म्हणावं की 'मानवाधिकारांचा'? हक्क आणि अधिकार समानार्थीच आहेत ना?

नाहीत. हिंदीत 'अधिकार' हा शब्द दोघांचंही काम करतो, म्हणून तिकडे टिळकांचं वाक्य 'जन्मसिद्ध अधिकार' झालं. ते चालेल, त्यांची भाषा आहे. पण मराठी वाहिनीवरचा मराठी निवेदक जेव्हा 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध अधिकार' म्हणतो, तेव्हा आपलंच भांडं शेजाऱ्याकडून उसनं आणल्यासारखं वाटतं, आणि तेही पोचा पडलेलं. 'मतदानाचा अधिकार बजावला' हे त्याचंच भावंड. बजावतात तो हक्क. अधिकार गाजवतात, नाहीतर वापरतात.

कोशातले सरळ अर्थ सोडून देतो, ते कुणालाही सापडतील. मजा हक्काच्या मुळात आहे. शब्द अरबी. मूळ अर्थ 'सत्य', 'जे ठाम आहे ते', आणि त्यातूनच 'ज्याचं त्याला देणं लागतं ते'. अल्लाच्या नावांपैकी एक नाव 'अल-हक्क' आहे. 'अनल-हक्क', म्हणजे 'मी सत्य आहे', असं म्हणणाऱ्या मन्सूर अल-हल्लाजला 922 साली बगदादेत ठार केलं. हकीकत आणि तहकीक ही याच कुळातली. तेव्हा मराठीत कुणी 'हा माझा हक्क' म्हणतो, तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने तो काही मागत नसतो, एक खरी गोष्ट सांगत असतो.

आणखी खाली गेलं की हिब्रू भेटते. तिथे 'हाकक' म्हणजे कोरणे आणि 'होक' म्हणजे नियम, जणू दगडात कोरलेला. अरबीत याच अक्षरांचा 'हुक्का' आहे, मूळ अर्थ लहान डबी, भांडं. पुढे तो गुडगुडीला चिकटला. माझा लाडका तर्क असा की कोरून पोकळ केलेलं ते हुक्का आणि कोरून पक्कं केलेलं ते हक्क, म्हणजे दोन्ही एकाच छिन्नीची लेकरं. सेमिटिक भाषांचे जाणकार इथे भुवया उंचावतील आणि म्हणतील की तीन अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही. ठीक आहे, हुक्का परत घ्या. हिब्रूतलं कोरणं मात्र मी सोडणार नाही.

पण खरा दागिना आपल्या घरातच आहे: नाहक. 'नाहक त्रास दिला', 'हकनाक बळी गेला' हे आपण दिवसातून दहादा बोलतो आणि त्यातला हक्क कुणाला दिसत नाही. 'ना' फारसी, 'हक' अरबी. हक नसताना केलेलं ते नाहक. हकनाक म्हणजे हक-नाहक, हक्क आहे की नाही याची फिकीर न करता. फ्रेंच जाहीरनाम्याच्या सातव्या कलमात मनमानी हुकूम काढणाऱ्यांना आणि ते अमलात आणणाऱ्यांना शिक्षेची तंबी आहे. त्या 'मनमानी'ला भाषांतरकार 'स्वेच्छाधीन' वगैरे काहीबाही लिहितात. 'नाहक अटक' म्हणा, संपलं. सत्तेने हक्काबाहेर जाऊन केलेली कृती या अर्थाचा शब्द आपल्या आजीला माहीत होता.

आता अधिकार. अधि म्हणजे वर, कृ म्हणजे करणे; वर बसवणे, वर बसणे. पाणिनीचं अधिकारसूत्र हे उत्तम उदाहरण. सहाव्या अध्यायात 'अङ्गस्य' एवढा एक शब्द येतो आणि सातवा अध्याय संपेपर्यंत पुढच्या शेकडो सूत्रांच्या डोक्यावर बसून राहतो. मीमांसेत, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, अधिकार म्हणजे पात्रता. त्या शास्त्राच्या सूत्रकाराचा, जैमिनीचा, सहावा अध्याय यज्ञ कुणी करावा यावरच आहे: द्रव्य हवं, अग्नी हवा, अध्ययन हवं. शूद्र तिथे बाहेर ठेवलाय. ब्रह्मसूत्रातही त्याला वगळायला वेगळं अपशूद्राधिकरण आहे. 'कर्मण्येवाधिकारस्ते'मधला अधिकार याच घराण्याचा, त्याचं भाषांतर 'तुझे हक्क' करणाऱ्यांना दंड करावा. म्हणजे अधिकार आधी पात्रता विचारतो. आणि लॉकपासून रूसोपर्यंत युरोपातल्या सगळ्या हक्कवादी विचारवंतांचा आटापिटा होता तो पात्रता विचारूच नये यासाठी. म्हणून 'नैसर्गिक अधिकार' हा मला 'जन्मजात बढती'सारखा वाटतो. फुले 'मानवी हक्क' लिहितात, ते काही संस्कृत येत नव्हतं म्हणून नव्हे.

यावर शुद्धिवाद्यांचं म्हणणं: हक्क यावनी, अधिकार आपला. बरं. हक्कासाठी संस्कृतच हवं असेल तर 'स्वत्व' आहे. मिताक्षरेत, म्हणजे वारसा-वाटणीच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच स्वत्व मिळतं, बाप मरायची वाट पाहावी लागत नाही. बंगालमध्ये चालणाऱ्या दायभाग या दुसऱ्या ग्रंथात पाहावी लागते. महाराष्ट्र मिताक्षरेचा प्रदेश आणि टिळक कायदा शिकलेले, तेव्हा 'जन्मसिद्ध'च्या मागे हे जन्मस्वत्व उभं असावं असं मला वाटतं. पण अधिकार तिथेही बसत नाही, आणि शुद्धिवादी नेमका तोच पुढे करतात. शब्दाचं कूळ बघायचं आणि काम बघायचं नाही, ही त्यांची जुनी खोड.

एक आक्षेप मात्र दमदार आहे. जुन्या मराठी कागदांत 'हक्क, लाजिमा, मानपान' असतात ते देशमुख-पाटलांचे, म्हणजे वतनी. सरदेशमुखीचे शेकडा 10 वसूल झाले ते वतनी हक्क म्हणूनच. मग हक्क समतेचा शब्द कसा? उत्तर फ्रान्समध्येच आहे. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री तिथल्या सभेने सरंजामी हक्क मोडीत काढले आणि 26 ऑगस्टला माणसाचे हक्क मंजूर केले. बावीस दिवसांत जुन्या शब्दाचा मालक बदलला. आपल्याकडे कनिष्ठ गाववतनं मोडणारा मुंबईचा कायदा 1958 चा. म्हणजे आपल्या 'हक्का'ने जुना अंगरखा जरा सावकाश उतरवला, एवढंच.

फ्रेंचमध्ये 'द्रुआ' हा शब्द हक्क, अधिकार आणि कायदा तिन्हींना पुरतो (तुर्कीत 'हक'चं अनेकवचन 'हुकुक' म्हणजे कायदा, हाही योग पाहा). त्यामुळे जाहीरनामा मराठीत आणताना प्रत्येक ठिकाणी थांबून बघावं लागतं. पाचवं कलम म्हणतं, समाजाला अपायकारक कृत्यांवरच बंदी घालण्याचा 'द्रुआ' कायद्याला आहे. इथे हक्क लिहिलात तर फसलात. कायद्याला हक्क नसतो, अधिकार असतो, आणि तोही मोजका. पंधरावं कलम म्हणतं, प्रत्येक सरकारी नोकराकडून कारभाराचा हिशेब मागण्याचा 'द्रुआ' समाजाला आहे. इथे हक्कच.

आणि या पंधराव्या कलमाच्या आपल्याकडच्या नातवाचं नाव काय ठेवलं? माहितीचा अधिकार अधिनियम, 2005. संविधानाच्या मराठी पाठात तिसरा भाग 'मूलभूत हक्क', आयोग मानवी हक्कांचा, 2009 चा कायदा शिक्षणाच्या हक्काचा, 2015 चा लोकसेवा हक्काचा. माहितीच तेवढी अधिकाराच्या दावणीला. माझ्या मते ही हिंदी नावाची नक्कल. पण कसोटी त्याच कायद्यात आहे. कलम 6(2): अर्जदाराला माहिती का हवी हे विचारता येत नाही. कलम 7(8): माहिती नाकारताना अधिकाऱ्याने कारण कळवलंच पाहिजे. अर्जदाराचा हक्क, अधिकाऱ्याचा अधिकार. शंका आली की एवढंच विचारा, कारण कोणी द्यायचं? जो द्यायला बांधील, त्याच्याकडे अधिकार आहे. दुसरी खूण क्रियापदाची: अधिकार देतात, काढून घेतात, त्याची कक्षा असते, हक्क सांगतात, डावलतात, सोडतात.

'सोडतात'वरून आठवलं. फ्रेंच जाहीरनाम्याच्या प्रस्तावनेत हक्कांना लावलेल्या एका विशेषणाचं भाषांतर 'अविच्छेद्य' करतात. ते तुटण्याबद्दल बोलतं. मूळ फ्रेंच शब्द मालमत्तेच्या व्यवहारातला आहे, दुसऱ्याच्या नावे करून देण्याबद्दलचा. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर बहिणींच्या सह्या घेऊन हक्कसोडपत्र नोंदवतात ना, ते ज्याचं करताच येत नाही असे हक्क. रूसो 1762 मध्ये म्हणतो ते हेच, की स्वातंत्र्य सोडणं म्हणजे माणूसपण सोडणं. 'न सोडता येणारे हक्क' म्हणा. कानाला बोजड नाही आणि तलाठ्यालाही कळतं.

मूळ प्रश्न राहिलाच. पूर्ण नाव 'मानवाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा', कलमं 17. 'नागरिक' गाळू नका; कायदे करण्यात भाग घेणं आणि कर मंजूर करणं हे सहाव्या आणि चौदाव्या कलमातले हक्क त्याच्याच नावावर आहेत.